दुसऱ्या श्रेणीच्या विजेत्यांची यादी छापताना

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीची बातमी मराठी क्रीडापानावर येते ती बहुधा चार ओळींची. अमुक संघ विजेता, तमुक उपविजेता आणि खाली ‘यापूर्वीचे विजेते’ म्हणून वर्ष व नाव अशी उभी पट्टी. पहिल्या श्रेणीसाठी ही पट्टी पुरते, कारण तिथे विजेतेपद मिळालं की वर जायला जागाच उरत नाही. दुसऱ्या श्रेणीचं तसं नाही. तिथला चषक म्हणजे वर जायचा दाखला. तो दाखला घेऊन संघ खरोखर वर गेला का, सोबत आणखी कोण गेलं, वर किती हंगाम टिकला आणि मैदानावर हरून खाली आला की कागदपत्रांत अडकून, हे कळल्याशिवाय त्या नावाला अर्थ येत नाही. म्हणून आमचं मागणं एकच आहे. ही यादी छापाल तेव्हा दोन रकान्यांची छापू नका.

आपल्या राज्यापुरतं पाहिलं तरी मुद्दा पटेल. राष्ट्रीय लीगच्या जागी २००७-०८ मध्ये आय-लीग आली. तिच्या दुसऱ्या श्रेणीचा पहिला हंगाम २००८ चा. तो मुंबई एफसीने जिंकला आणि कोलकात्याचे चिराग युनायटेड व मोहमेडन स्पोर्टिंग आणि गोव्याचा वास्को यांच्यासह तो संघ वर गेला. २००९ मध्ये चार संघांना बढती मिळाली: साळगावकर, व्हिवा केरळ, पुणे एफसी आणि शिलाँग लाजोंग. २०१० मध्ये मुंबईचा ओएनजीसी संघ बंगळुरूच्या एचएएलबरोबर वर गेला. सलग तीन हंगाम महाराष्ट्रातला एक तरी संघ दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत पोहोचत होता. आता नुसती विजेत्यांची पट्टी वाचा, त्यात पुणे एफसी कुठेच सापडणार नाही. तो संघ बढती मिळालेल्या चारांपैकी होता, चषक त्याच्याकडे नव्हता. त्याच पुणे एफसीने वरच्या श्रेणीतल्या पहिल्याच हंगामात, २००९-१० मध्ये, तिसरा क्रमांक मिळवला आणि २०१२-१३ मध्ये उपविजेतेपद. त्याच्याबरोबर वर आलेल्या साळगावकरने २०१०-११ मध्ये थेट आय-लीग जिंकली. महाराष्ट्राच्या क्लब फुटबॉलमधली ही इतकी मोठी गोष्ट ज्या यादीत बसत नाही, तिची आखणीच चुकली म्हणायची.

तेव्हा पहिला जादा रकाना ‘बढती मिळालेले संघ’ हा हवा. दर हंगामात वर जाणाऱ्यांची संख्या बदलते. कधी एकच, कधी दोन, २००९ सारखी कधी चार. वरची श्रेणी मोठी करायची ठरली की जास्त जागा निघतात. विजेता म्हणजेच बढती हे समीकरण धरून चाललं की इथेच फसगत होते.

दुसरा रकाना ‘वरून बाहेर कसा पडला’ याचा. हा भरायला सगळ्यात कठीण आणि सगळ्यात उपयोगी. ओएनजीसीचंच घ्या. २०१०-११ मध्ये हा संघ खाली आला, २०१२ मध्ये युनायटेड सिक्कीमबरोबर पुन्हा वर गेला. नंतर २०१३ मध्ये एअर इंडियासह त्याला आय-लीगमधून वगळण्यात आलं ते गुणतक्त्यामुळे नव्हे, क्लब परवान्याच्या निकषांमुळे. हे निकष पाच प्रकारचे असतात: खेळविषयक, पायाभूत सुविधा, कर्मचारी व प्रशासन, कायदेशीर आणि आर्थिक. खात्याच्या संघाची गाडी यांत कुठे अडते? खेळाडू हा कंपनीचा नोकर असतो, व्यावसायिक करारावरचा फुटबॉलपटू नसतो. संघ ही स्वतंत्र कायदेशीर संस्था नसते, तिचा वेगळा ताळेबंद नसतो. वयोगटांचे संघ नसतात. मैदानावर कितीही चांगले खेळलात तरी ही चौकट भरून येत नाही. मुंबईच्या फुटबॉलचा कणा अनेक दशकं बँका, रेल्वे, विमान कंपन्या, तेल कंपन्या यांचे संघ होते. परवान्याचा नियम त्या कण्यावरच आला. ‘ओएनजीसी, २०१३, परवाना’ एवढे तीन शब्द यादीत असते तरी वाचकाला निम्मा इतिहास कळला असता.

ईशान्येकडच्या विजेत्यांकडे याच नजरेने पाहा. २०१२ चा विजेता युनायटेड सिक्कीम हा भायचुंग भुतियाचा क्लब. वर एकच हंगाम काढून खाली आला आणि पुढे विरून गेला. २०१३ चा विजेता शिलाँगचा रंगदाजिएद युनायटेड. त्यालाही वर एकच हंगाम मिळाला आणि २०१४ मध्ये परवान्याच्या निकषांवर तो बाहेर झाला. २०१४ चा विजेता रॉयल वाहिंगडोह, हाही शिलाँगचाच. मुंबईचे संतोष कश्यप प्रशिक्षक असताना २०१४-१५ मध्ये या संघाने आय-लीगमध्ये तिसरा क्रमांक पटकावला आणि पुढच्या हंगामाआधी स्वतःहून माघार घेतली. तीन वर्षांचे तीन विजेते, तिघांच्याही वाट्याला वरचा एकेकच हंगाम आणि बाहेर पडायची कारणं मात्र तीन वेगळी. ‘२०१२, २०१३, २०१४’ असे तीन आकडे आणि पुढे तीन नावं छापून यातलं काय कळणार?

आता पुण्याशी जोडलेली एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण यादीतल्या दोन नोंदी तिच्याविना कोड्यात पडतात. २०१५-१६ चा दुसऱ्या श्रेणीचा विजेता गोव्याचा डेम्पो. पाच वेळा देशाचा विजेता राहिलेला क्लब दुसऱ्या श्रेणीत आलाच कसा? २०१४-१५ च्या आय-लीगमध्ये अकरा संघ होते. तळाला होता पुण्याचा भारत एफसी. पण तो संघ दुसऱ्या श्रेणीतून चढून आलेला नव्हता, त्याला थेट प्रवेश होता, आणि थेट प्रवेशाच्या अटींत पदावनतीपासून संरक्षण होतं. त्यामुळे शेवटचा संघ राहिला आणि त्याच्या वरचा, म्हणजे डेम्पो, खाली गेला. पुढच्याच वर्षी तोच प्रकार झाला. २०१५-१६ मध्ये नऊ संघांत तळाला होता पुण्याचाच डीएसके शिवाजियन्स, तोही थेट प्रवेशाचा. खाली ढकलला गेला आठवा आलेला आयझॉल एफसी, जो २०१५ मध्ये दुसरी श्रेणी जिंकून, म्हणजे कष्टाने, वर आला होता.

पुढचं तर सगळ्यांना ठाऊक हवं. २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग गोवा यांनी आय-लीग सोडली. नुकताच दुसरी श्रेणी जिंकून परतीचा हक्क मिळवलेल्या डेम्पोनेही माघार घेतली. रिकाम्या जागेवर आयझॉलला परत घेतलं. मुंबई एफसीला कित्येक हंगाम तगवून धरणारे खालिद जमील त्याच सुमारास तिथून आयझॉलला प्रशिक्षक म्हणून गेले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये लाजोंगविरुद्ध १-१ अशी बरोबरी साधून आयझॉल देशाचा विजेता झाला: ३७ गुण, मोहन बागानचे ३६. त्याच हंगामात तळाला गेला तो मुंबई एफसी, दुसऱ्या श्रेणीचा पहिला विजेता, आणि मग बंदच झाला. डीएसके शिवाजियन्सही त्याच वर्षी थांबला. पुणे एफसीची अकादमी त्याआधीच दुसऱ्या क्लबकडे गेली होती.

या एका वळणात किती नोंदी आहेत पाहा. २०१५ चा विजेता आयझॉल वर गेला, पदावनत झाला, परत घेतला गेला, विजेता ठरला. २०१५-१६ चा विजेता डेम्पो वर गेलाच नाही. दोघांची नावं पट्टीत एकाखाली एक असतात आणि दोन्हींचं वजन सारखंच दिसतं. शेरा म्हणून आठ-दहा शब्द जोडले की काम भागतं.

तिसरी गोष्ट पात्रतेची. २०१७-१८ पासून काही हंगाम आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीग या वेगळ्या राष्ट्रीय लीगच्या, क्लबांचे राखीव संघ दुसऱ्या श्रेणीत खेळत होते. त्यांना बढतीचा अधिकार नव्हता. त्यामुळे गटाचा तक्ता वाचताना राखीव संघ वर दिसतो आणि अंतिम फेरीत त्याच्या खालचा संघ खेळतो. ‘गटात पहिला आलेल्या संघावर अन्याय’ अशा चुकीच्या ओळी इथूनच निघतात. तक्ता छापताना राखीव संघापुढे एक फुली आणि खाली ‘बढतीस अपात्र’ एवढं पुरे. गटातले गुण अंतिम फेरीत पुढे नेले जातात की तिथे शून्यापासून सुरुवात होते, हेही त्या हंगामाच्या नियमावलीतूनच घ्यावं. गेल्या वर्षीचा नियम यंदा असेलच असं नाही.

या काळातले विजेते मात्र खरोखर भारी निघाले. २०१६-१७ चा नेरोका वर जाऊन पहिल्याच हंगामात दुसरा आला. २०१७-१८ मध्ये रिअल काश्मीरने बंगळुरूत हिंदुस्तान एफसीला ३-२ असं हरवून बढती मिळवली आणि वरच्या श्रेणीत पहिल्याच वर्षी तिसरा क्रमांक काढला. २०१८-१९ चा ट्राऊ २०२०-२१ मध्ये तिसरा होता. दुसऱ्या श्रेणीचा दर्जा काय, असं विचारणाऱ्याला हे तीन निकाल दाखवावेत.

२०१९-२० च्या ओळीत बहुतेक जण घोटाळा करतात. तो हंगाम करोनामुळे मार्च २०२० मध्ये थांबला आणि पूर्ण झालाच नाही. त्याऐवजी ऑक्टोबर २०२० मध्ये कोलकात्यात पाच संघांची वेगळी पात्रता स्पर्धा झाली, ती मोहमेडन स्पोर्टिंगने जिंकली. २०२१ मध्ये बंगळुरूत पुन्हा पात्रता स्पर्धा झाली, ती राजस्थान युनायटेडची. या दोन्ही स्पर्धा काही आठवड्यांत उरकलेल्या होत्या. त्यांना लीगच्या विजेतेपदाच्या रांगेत बसवलं की घरी-बाहेर महिनोन्‌महिने खेळून जिंकलेल्या संघांशी त्यांची तुलना होऊ लागते. त्या ओळी ठेवाव्यात, पण ‘पात्रता स्पर्धा’ असं लिहूनच.

यानंतर येतो सगळ्यात मोठा गोंधळ, म्हणजे ‘दुसरी श्रेणी’ हे नाव आणि प्रत्यक्षातली दुसरी पातळी. आय-लीग अव्वल होती तोवर तिची दुसरी श्रेणी ही देशाची दुसरी पातळी होती, भानगड नव्हती. २०१९ च्या आराखड्याने आयएसएलला वरचं स्थान दिलं आणि आय-लीगच्या विजेत्याला आयएसएलमध्ये बढती मिळू लागली २०२२-२३ च्या हंगामापासून. म्हणजे त्या हंगामापासून आय-लीग हीच दुसरी पातळी आणि ‘आय-लीग २’ ही तिसरी. २०२३-२४ पासून तिच्याखाली ‘आय-लीग ३’ ही आली. मधल्या तीन हंगामांत चित्र धूसर आहे. वरचं स्थान आयएसएलकडे गेलं होतं, पण बढतीचं दार उघडलं नव्हतं. अशा वेळी वर्षाच्या शेजारी ‘पातळी’ असा छोटा रकाना ठेवून १, २, ३ असा आकडा टाकावा आणि त्या तीन हंगामांवर खूण करावी.

हे केलं नाही तर काय होतं? २०२२-२३ चा ‘आय-लीग २’ चा विजेता दिल्ली एफसी, २०२३-२४ चा स्पोर्टिंग क्लब बंगळुरू, २०२४-२५ चा डायमंड हार्बर यांना मुंबई एफसी किंवा आयझॉलच्या रांगेत बसवलं जातं. ते एका पातळीने खालचे विजेते आहेत. त्यात त्यांना कमीपणा नाही, पण रांग वेगळी आहे. त्याच वर्षांतले दुसऱ्या पातळीचे खरे विजेते म्हणजे २०२२-२३ चा राऊंडग्लास पंजाब, २०२३-२४ चा मोहमेडन आणि २०२४-२५ चा इंटर काशी. महाराष्ट्राच्या बाबतीतही हा फरक टोचतो. मुंबईचा केंकरे एफसी २०२१-२२ मध्ये आय-लीगमध्ये आला, २०२२-२३ मध्ये सुदेवा दिल्लीबरोबर पदावनत झाला. तो दुसऱ्या पातळीवरून तिसऱ्या पातळीवर गेला. ‘दुसऱ्या श्रेणीत घसरण’ असं लिहिलं की वाचकाला वाटतं, अव्वल लीग एकच पायरी वर आहे.

इंटर काशीच्या निमित्ताने आणखी एक खबरदारी. २०२४-२५ चा शेवटचा सामना झाला तेव्हा तक्त्यावर चर्चिल ब्रदर्स ४० आणि इंटर काशी ३९ होते. पण नामधारीविरुद्धच्या सामन्यातल्या अपात्र खेळाडूच्या तक्रारीचा निकाल लागायचा होता. वाद लोझानच्या क्रीडा लवादापर्यंत गेला आणि जुलै २०२५ मध्ये इंटर काशी विजेता ठरला, ४२ गुणांवर. एप्रिलमधल्या कात्रणावरून यादी केलेल्याच्या नोंदीत चर्चिलच राहणार. म्हणून शेवटच्या शिट्टीनंतर लगेच यादीत नाव चढवू नये. कुठली तक्रार प्रलंबित आहे का, हे विचारून घ्यावं आणि असेल तर ‘निकालाधीन’ लिहून जागा मोकळी ठेवावी. अपात्र खेळाडूच्या प्रकरणात सामना ३-० असा दिला जातो. तेव्हा नुसते गुण बदलत नाहीत, गोलफरकही बदलतो आणि मधल्या क्रमांकांचीही उलथापालथ होते. तक्ता पुन्हा पहिल्यापासून मांडावा, वरचे दोन आकडे खोडून भागत नाही.

गुण समान झाले तर क्रम कसा लावायचा, यातही हमखास चूक होते. आपल्याकडे सवयीने गोलफरक पाहिला जातो. आय-लीगमध्ये आधी त्या दोन संघांचे आपसातले निकाल बघतात. २०२०-२१ मध्ये शेवटच्या दिवसाआधी गोकुळम केरळ, चर्चिल आणि ट्राऊ तिघेही २६ गुणांवर होते. गोकुळमने एका गोलच्या पिछाडीवरून ट्राऊला ४-१ हरवलं, तिकडे चर्चिलही जिंकला. दोघांचे २९ झाले आणि विजेता ठरला आपसातल्या निकालांवर. बातमीत ‘सरस गोलफरकाने’ असं लिहून मोकळं होण्याआधी नियमावलीतलं ते कलम उघडावं.

क्लबांची नावंही जपून लिहावी लागतात. २००८ चा चिराग युनायटेड पुढे प्रयाग युनायटेड झाला आणि मग युनायटेड स्पोर्ट्स क्लब. व्हिवा केरळचा चिराग युनायटेड केरळ झाला, म्हणजे ‘चिराग’ हे नाव दोन संघांनी लावलं, एक कोलकात्याचा, एक केरळचा. मिनर्व्हा पंजाब, राऊंडग्लास पंजाब आणि पंजाब एफसी हा एकच धागा आहे. यादीत त्या हंगामातलं नाव ठेवावं आणि कंसात आजचं. उलट केलं तर जुनी कात्रणं शोधणाऱ्याला काहीच हाती लागत नाही.

एकाच वर्षी दोन विजेते असले तर? जर्मनीची दुसरी बुंडेसलीगा १९७४ ते १९८१ या काळात उत्तर आणि दक्षिण अशा दोन विभागांत खेळली गेली. तिकडच्या याद्यांत त्या सात हंगामांना सरळ दोन रकाने असतात. पहिल्या वर्षी उत्तरेत हनोवर ९६, दक्षिणेत कार्ल्सरूहर. शेवटच्या वर्षी उत्तरेत वेर्डर ब्रेमेन, दक्षिणेत डार्मश्टाट ९८. दोन्ही विजेते थेट वर जात, दोन्ही उपविजेते तिसऱ्या जागेसाठी आपसात दोन सामने खेळत. कुणी त्यातला एक निवडून ‘खरा विजेता’ ठरवत बसत नाही. आपल्याकडच्या जिल्हा आणि विभागीय लीगमध्ये गटवार विजेते असतात, तिथे हीच पद्धत वापरावी.

हे सगळं मावेल का, असं उपसंपादक विचारतील. मावतं. हंगाम, पातळी, विजेता, वर गेलेले संघ आणि शेरा असे पाच रकाने, लहान टायपात, एका ओळीत एक हंगाम. नमुन्यादाखल काही ओळी देतो. या पडताळून जशाच्या तशा वापरायला हरकत नाही.

२००८ । पातळी २ । मुंबई एफसी । मुंबई एफसी, चिराग युनायटेड, मोहमेडन स्पोर्टिंग, वास्को । मुंबई २०१६-१७ मध्ये तळाला, नंतर बंद.

२०१४ । पातळी २ । रॉयल वाहिंगडोह । रॉयल वाहिंगडोह । २०१४-१५ मध्ये तिसरा, मग माघार.

२०१५ । पातळी २ । आयझॉल । आयझॉल । आठवा येऊन पदावनत, पुन्हा प्रवेश, २०१६-१७ चा आय-लीग विजेता.

२०१५-१६ । पातळी २ । डेम्पो । कोणी नाही । विजेत्याची माघार, रिकाम्या जागी आयझॉल कायम.

२०१९-२० । पातळीवर खूण । विजेता नाही । – । हंगाम अपूर्ण, ऑक्टोबर २०२० ची पात्रता स्पर्धा वेगळ्या ओळीत.

कळावे,

फुटबॉलच्या नोंदी ठेवणारे काही वाचक